बोटीतला इन्व्हर्टर रात्रभर घुमतो, त्याचं करायचं काय?

इंग्लंडमधल्या कालव्यांवर बोटीतच घर करून राहणाऱ्या लोकांच्या बातम्या मधूनमधून येत असतात. लंडनची भाडी परवडेनात म्हणून बोट घेतली, मग एप्रिल २०२४ पासून ज्यांना बांधून ठेवायला कायमचा धक्का नाही अशा बोटींच्या लायसन्सवर जादा आकार लागला, त्यावरून भांडणं, वगैरे वगैरे. लायसन्सचं बघता येतं हो कसंतरी, पण रात्री दिवे घालवून आडवं झालं की पार्टिशनच्या पलीकडच्या डब्यातून जी घूंऽऽऽ सुरू असते तिने डोकं उठतं, आणि ती कशाची हे नव्याने राहायला आलेल्या माणसाला कोणी सांगत नाही. मग एकच प्रश्नमालिका सुरू होते: इन्व्हर्टर बिघडलाय का, बदलू का, त्याच्यावर गोधडी टाकू का. बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, लगेच बदलू नका, आणि गोधडी तर अजिबात टाकू नका, आत हवा खेळली नाही तर तापून बंद पडेल किंवा आग लागेल. आता जरा सविस्तर.

हा डबा करतो काय

इथल्या कालव्यांवरच्या नॅरोबोटी म्हणजे ६ फूट १० इंच रुंदीच्या, पोलादी, लांबलचक बोटी. रुंदी एवढीच का, तर जुनी लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलते तिथे बोट चढवा-उतरवायचे दारांचे हौद, ७ फुटांची बांधलीयत, त्यातून जायला हवं ना. धक्का नसेल तर एका जागी साधारण १४ दिवसांवर थांबता येत नाही, १९९५ च्या कायद्यातली अट आहे ती, म्हणजे किनाऱ्यावरची वीज जवळपास नाहीच. इंजिनावर आणि सोलरवर बॅटऱ्या चार्ज करायच्या, बॅटरीची १२ व्होल्टची सरळ वीज, म्हणजे डीसी, इन्व्हर्टरमधून २३० व्होल्टची एसी करायची आणि त्यावर घर चालवायचं. त्यात कालव्यावर रात्री ८ ते सकाळी ८ इतर बोटींजवळ इंजिन किंवा जनरेटर चालवू नये असा नियम, तेव्हा रात्रीचा सगळा कारभार बॅटरी आणि इन्व्हर्टरवर. आणि नेमकं तेव्हाच बाहेर इतकं शांत असतं की शेजारच्या बोटीतली किटलीसुद्धा ऐकू येते.

आपल्याकडे लोडशेडिंगमुळे घराघरात जो इन्व्हर्टर आला त्याचाच हा मोठा भाऊ. आत इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, ते बॅटरीची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांच्या हिशोबाने उलटसुलट करतात, आणि मग ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, तो १२ व्होल्टचे २३० करतो. उचलायला गेलात तर ३ किलोवॅटचा डबा सहज २० किलोच्या आसपास भरतो, त्यातलं बरंचसं वजन या लोखंड-तांब्याचं.

काहीच चालू नाही तरी आवाज कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि रास्त आहे. टीव्ही बंद, किटली बंद, मग हा कोणासाठी राबतोय?

लोखंडाला एक खोड आहे. त्यात चुंबकत्व भरलं की ते अगदी किंचित लांब होतं, काढलं की परत मूळ मापावर येतं. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ च्या सुमारास हे दाखवलं होतं, ज्याच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो तोच हा जूल. किंचित म्हणजे किती, तर लाखात एखादा भाग, डोळ्याला दिसणं शक्यच नाही. पण ट्रान्सफॉर्मरमध्ये चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा एका दिशेला आणि ५० वेळा उलट्या दिशेला भरतं, आणि लांब होताना लोखंडाला दिशा कळत नाही, दोन्हीकडे ते लांबच होतं. म्हणून ५० फेऱ्यांत ते १०० वेळा ताणतं. हा जो १०० हर्ट्झचा सूर, तोच घुमण्याचा मूळ आवाज. हार्मोनियमवर शोधायचा तर मंद्रातल्या पांढरी पाचच्या केसभर वर सापडेल.

पुण्याहून माझी मावशी राहायला आली होती, पहिल्याच रात्री म्हणाली, "अरे, इथे जवळ डीपी आहे का रे कुठे?" तिचा कान अगदी बरोबर. कोपऱ्यावरच्या डीपीखाली उभं राहिलं की जो आवाज येतो तो याच कारणाने येतो आणि सूरही हाच, कारण वीज भारतातही ५० हर्ट्झची आणि इंग्लंडमध्येही.

आता काही चालू नसताना का? कारण गाभ्यात किती चुंबकत्व भरायचं हे व्होल्टेजवर ठरतं, तुम्ही किती वीज वापरताय त्यावर नाही. इन्व्हर्टर चालू आहे, बाहेर २३० व्होल्ट तयार ठेवायचेत, म्हणजे गाभा पूर्ण ताकदीने ताणतोय, मग प्लगमध्ये काही असो वा नसो. लोड टाकल्यावर आवाज थोडा बदलतो, कारण आता तारांमधूनही जोरात करंट जातोय आणि वेढे एकमेकांना ढकलतायत, पण मूळ घूं तशीच राहते. तेव्हा रिकाम्या अवस्थेतला हलका, एकसारखा आवाज ही तब्येत ठीक असल्याचीच खूण समजा.

स्वस्तातले काही इन्व्हर्टर नीट गोलाई असलेली एसी देत नाहीत, चौकोनी पायऱ्यांची देतात. त्या चौकोनात ५० हर्ट्झबरोबर तिपटीचे, पाचपटीचे सूर मिसळलेले असतात, त्यामुळे आवाज घुमण्याऐवजी करकरीत होतो आणि जोडलेली यंत्रंही ओरडतात. लाइट गेल्यावर जुन्या इन्व्हर्टरवर सीलिंग फॅन जो घर्रर्र करायचा तो आठवा. बोटीत असा इन्व्हर्टर असेल तर मात्र प्युअर साइनवेव्हचा घ्या आणि हा लेख इथेच थांबवलात तरी चालेल.

घरचा इन्व्हर्टर इतका आवाज करायचा नाही

करायचा. पण तो गॅलरीत नाहीतर माळ्याखाली, सिमेंटच्या फरशीवर ट्रॉलीत बसलेला असायचा, आणि इथे तो चार स्क्रूंनी प्लायच्या पार्टिशनला घट्ट आवळलेला आहे, ज्याच्या दुसऱ्या बाजूला तुमचं डोकं.

मोबाईल व्हायब्रेटवर टाकून हातात धरा आणि मग तोच स्टीलच्या ताटलीत ठेवा. मोबाईल तोच, त्याची मोटर तीच, पण ताटलीत ठेवल्यावर घरभर ऐकू येतो, कारण आता थरथरणारा पृष्ठभाग कितीतरी मोठा झाला. डब्याची स्वतःची थरथर हवेला फारशी हलवू शकत नाही, प्लायची सहा-सात चौरस फुटांची फळी मात्र मजेत हलवते. त्यात त्या फळीचा स्वतःचा सूर १०० च्या जवळपास असला तर मग विचारूच नका. बोटीतल्या घुमण्याच्या बहुतेक तक्रारींत दोष इन्व्हर्टरपेक्षा त्याच्या बसवण्याचा निघतो, आणि मला वाटतं बोट विकत घेताना लोक इन्व्हर्टर किती वॅटचा हे विचारतात, कुठे ठोकलाय हे बघतच नाहीत.

याच्यावर नॅरोबोटीची एक खास गंमत आहे. बाहेरून ६ फूट १० इंच, पण इन्सुलेशन आणि आतली प्लाय धरून आत साधारण ६ फूट, म्हणजे १.८ मीटर रुंदी उरते. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये एक असा सूर असतो जो तिथल्या तिथे उभा राहून वाढतो, ज्याची निम्मी लहर त्या अंतरात बरोबर मावते तो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला ३.६ ने भागा, ९५ हर्ट्झ येतात! भिंती किंचित तिरप्या असतात, सामान असतं, त्यामुळे आकडा ढोबळ धरायचा, पण १०० च्या इतका जवळ आहे की केबिन या घुमण्याला आयतीच साथ देते. आणि अशा उभ्या सुरात आवाज भिंतींजवळ सगळ्यात मोठा आणि मधोमध सगळ्यात कमी असतो. म्हणून मधल्या वाटेत उभं राहिलं की "कुठे काय, काहीच तर नाही" आणि भिंतीला उशी लावून पडलं की घूंऽऽऽ. नवरा-बायकोत यावरून वाद होतात, दोघंही खरं बोलत असतात, एकजण भिंतीकडे झोपतो इतकंच. उशी एक-दीड फूट आत सरकवून बघा, किंवा डोकं-पाय बदला, खर्च शून्य.

मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर विसंबू नका. ती बहुतेक ॲप माणसाच्या कानाच्या हिशोबाने मोजतात, ज्यात १०० हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ १९ डेसिबल वजा केले जातात. ॲप म्हणतं शांत आहे आणि तुम्ही जागे. त्यात वय वाढलं की कान आधी वरच्या पट्टीचे आवाज सोडतो, खालच्या पट्टीचे बऱ्यापैकी शाबूत राहतात, त्यामुळे साठीतल्या माणसाला ही घूं चांगली ऐकू येते.

आवाज नक्की कुठला, ते आधी ओळखा

पैसे घालवायच्या आधी एक संध्याकाळ यात घालवा. मोबाईलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या, ज्यात कुठल्या हर्ट्झवर किती आवाज ते टेकड्यांसारखं दिसतं. १००, २००, ३००, ४०० वर नेमके सुळके दिसले तर ट्रान्सफॉर्मर, आणि खरं तर कानाला जास्त टोचतात ते हे २००-३०० वालेच. काही हजारांवर बारीक शिट्टीसारखा सुळका असेल तर ती आतल्या इलेक्ट्रॉनिक्सची. सगळीकडे पसरलेला फुसफुसाट म्हणजे पंखा, तो तापल्यावर येतो-जातो, आणि खरखरायला लागला तर पंख्याचं बेअरिंग गेलंय, पंखा बदलून मिळतो.

मग इन्व्हर्टर चालू असताना पार्टिशनवर तळहात जोरात दाबून धरा. आवाज पडला किंवा सूर बदलला की समजायचं, फळीच वाजतेय. पडला नाही तर हात फिरवत जा, कपाटाचं दार, वायर झाकायची पट्टी, भिंतीवर लटकवलेली कढई, काय वाट्टेल ते साथ देत असतं. बॅटरीच्या जाड केबलींनाही हात लावून बघा, अर्थात वरच्या रबरालाच. इन्व्हर्टर बॅटरीतून करंट सरळ ओढत नाही, तोही सेकंदाला १०० हिसक्यांत ओढतो, त्यामुळे सैल केबल प्लायवर टकटकते, आणि प्लस-मायनसच्या केबली लांब-लांबून नेल्या असतील तर मधल्या पत्र्यालाही त्यांचं चुंबकत्व हलवतं. दोन्ही केबली एकमेकींना चिकटवून, दर फुटावर क्लिप मारून नेल्या की हा प्रकार मिटतो.

हेअर ड्रायरची गोष्ट वेगळीच आहे. काही ड्रायर आणि हीट गन 'लो' वर टाकल्या की आत फक्त एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लागतो आणि एसीची अर्धीच बाजू वापरली जाते. मग ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकाच बाजूला ओढला जातो, चुंबकत्वाने गच्च भरतो आणि डबा अक्षरशः कण्हायला लागतो. बोटीवरच्या चांगल्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा मेदूवड्यासारखा गोल गाभा असतो, टोरॉइड म्हणतात त्याला. एरवी तो शांत, पण या एकांगी ओढीला सगळ्यात हळवा. 'हाय' वर टाकल्यावर कण्हणं थांबलं तर निदान झालं, ड्रायर बदला, इन्व्हर्टर नाही.

आणि मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या तळावर, जाऊन किनाऱ्याची वीज जोडली की आवाज वाढला, असंही होतं. चार्जर आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात असेल तर तोच ट्रान्सफॉर्मर आता बाहेरच्या विजेवर चालतो, आणि ब्रिटनमध्ये ती नियमाने २५३ व्होल्टपर्यंत असू शकते. व्होल्टेज जास्त म्हणजे गाभ्यात ताण जास्त. याचंच उलटं टोक वापरता येतं: तुमच्या इन्व्हर्टरची आउटपुट सेटिंग बदलता येत असेल तर २३० ऐवजी २२० करून बघा, गाभा काठोकाठ भरत असेल तर एवढ्यानेही आवाज उतरतो, आणि २२० वर तुमची उपकरणं बिनतक्रार चालतात.

भिंतीपासून सोडवणं

फळीच वाजतेय हे नक्की झालं की काम सुताराचं आहे, इलेक्ट्रॉनिक्सचं नाही. १८ मिलीची जाड प्लाय घ्या, डब्यापेक्षा चांगली मोठी, डबा तिला घट्ट बसवा, आणि ती प्लाय पार्टिशनला चार रबरी माउंटवर लावा, दोन्ही टोकांना स्क्रू आणि मध्ये रबराचा गट्टू असे मिळतात. पार्टिशन फारच पातळ असेल तर आधी मागून एक-दोन आडव्या बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या, ठोका, त्याने फळीचा सूर १०० पासून लांब सरकतो.

रबर कुठलं हे महत्त्वाचं, इथे लोक चुकतात. रबर वजनाने दिसेल इतकं दबलं किंवा झुकलं पाहिजे. साधारण एक मिलिमीटर दबलं तर त्या रबरावरच्या डब्याची स्वतःची डुलण्याची गती सेकंदाला १६ च्या आसपास येते, आणि १०० हर्ट्झ त्याच्या सहा पटींवर असल्यामुळे कागदावर फक्त दोन-तीन टक्के थरथर पलीकडे पोचते. प्रत्यक्षात इतकं मिळत नाही कारण पार्टिशनही लवचिक आहे, तरी फरक पहिल्याच रात्री कळतो. पण तेच रबर टणक घेतलं, जे केसभरसुद्धा दबत नाही, तर ती गती १०० च्या जवळ जाते आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. ट्रकच्या टायरचे तुकडे कापून लावणारे बघितलेत मी, त्यांची निराशा इथूनच येते.

रबर लावलं आणि केबली तशाच ताठ ठेवल्या तर सगळं मुसळ केरात. ७० चौरस मिलिमीटरची केबल म्हणजे जवळजवळ गजच, थरथर तिच्यातून आरामात भिंतीत उतरते. बारीक तारांची लवचिक केबल घ्या आणि डब्यापाशी एक सैल वळण सोडून मग पहिली क्लिप मारा. आणि एक धातूची पट्टी किंवा साखळी सैल अशी लावून ठेवा, कारण बोट लॉकच्या भिंतीवर आपटते, आपटणारच, आणि रबर तुटून २० किलोचा डबा खाली आला तर तारा उघड्या पडतील.

हे सगळं करताना बॅटरीचा आयसोलेटर, म्हणजे बॅटरी तोडायचा मुख्य स्विच, बंद, किनाऱ्याची वीज काढलेली, सोलरही तोडलेलं, आणि मग काही मिनिटं थांबायचं कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून असते. १२ व्होल्टला शॉक लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो लालबुंद होतो. हाताला खात्री नसेल तर बोटींची कामं करणारा इलेक्ट्रिशियन बोलवा.

मग तो लांब इंजिनपाशीच नेऊन टाकू?

चांगला विचार आहे, पण बॅटऱ्या कुठे आहेत ते बघून. २४०० वॅट काढायचे तर १२ व्होल्टच्या बाजूला तूट धरून २२० अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. बॅटरीपासून दोन मीटरवर डबा असेल तर ७० च्या केबलमध्ये पाव व्होल्टही जात नाही, तोच सहा मीटरवर नेला तर पाऊण व्होल्टच्या जवळपास जातो आणि दीडशेएक वॅट नुसते केबल गरम करण्यात. २३० व्होल्टच्या बाजूला तेवढ्याच कामाला साडेदहा अँपिअर पुरतात. म्हणून डबा बॅटऱ्यांजवळ आणि पलंगापासून लांब, आणि लांबच लांब न्यायची ती २३० ची बारीक वायर. बहुतेक नॅरोबोटींत बॅटऱ्या मागे इंजिनाजवळ असतातच, तेव्हा हे जमून जातं. फक्त लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या अगदी डोक्यावर नको, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि इंजिनाची धग, ओल, तेलाचे शिंतोडे चालतील का हे त्या डब्याच्या मॅन्युअलमध्ये बघा.

फोम चिकटवला तर?

नका. स्टुडिओत दिसतो तो उंच-सखल फोम आवाज शोषतो, पण आपल्या जाडीच्या हिशोबाने. १०० हर्ट्झची एक लहर हवेत जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिच्या दृष्टीने एक इंचाचा फोम आहे काय आणि नाही काय. वरचे ३००-४०० वाले सूर थोडे मऊ होतील इतकंच. जड, लवचिक गोष्टींचा उपयोग होतो, गाड्यांच्या दारात आतून लावतात तसल्या डांबरी शीटा वाजणाऱ्या फळीला चिकटवल्या तर फळीचं वाजणं मंदावतं. डब्याला मात्र काही चिकटवायचं नाही, वर-खाली चार बोटं, १० सेंटीमीटर तरी, मोकळी हवी.

हलका, नव्या जातीचा इन्व्हर्टर घेऊ का?

बाजारात अर्ध्या-पाव वजनाचे इन्व्हर्टर मिळतात. त्यात ५० हर्ट्झचा जड ट्रान्सफॉर्मर नसतो, आधी बॅटरीची वीज सेकंदाला हजारो फेऱ्यांवर नेऊन चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरने चढवतात आणि मग तिची ५० हर्ट्झची एसी बनवतात. ती हजारो फेऱ्यांची थरथर कानाच्या टप्प्यापलीकडे, म्हणून घूं जवळजवळ नाही. मग सगळे तेच का घेत नाहीत? कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर, वॉशिंग मशीन, पंप सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट मागतात, तेव्हा लोखंडाचा जड गाभा ते धकवून नेतो आणि हलका डबा पटकन हात वर करतो. शिवाय त्याचे पंखे लवकर सुरू होतात, म्हणजे घूं गेली आणि सूंऽऽ आली. वॉशिंग मशीन बोटीत असेल तर माझं मत जडच्या बाजूने. लॅपटॉप, टीव्ही आणि चार्जर एवढंच असेल तर हलका पुरे.

रात्री बंदच का करत नाही?

हेच करा. वरचं सगळं वाचूनही बरेच जण हे करत नाहीत, याचं मला नवल वाटतं. रिकामा इन्व्हर्टर स्वतःपुरते १५-२० वॅट खातो. १५ धरले तरी दिवसाला ३६० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३० अँपिअर-तास, आणि इंग्लंडच्या डिसेंबरात सोलर जेमतेम तेवढंही देत नाही. झोपायच्या आठ तासांत बंद ठेवलात तरी झोप मिळते आणि १० अँपिअर-तास वाचतात.

"पण फ्रिज?" बोटीसाठी १२ व्होल्टवर थेट चालणारे फ्रिज मिळतात. दिवे बोटीत बहुधा १२ व्होल्टचेच असतात, मोबाईल-लॅपटॉप गाडीतल्यासारख्या सॉकेटवर चार्ज होतात, बरेच वायफाय राउटरही आतून १२ व्होल्टवरच चालतात. राहिलं झोपेत श्वासासाठी लावायचं मशीन, त्यालाही बऱ्याच मॉडेलना डीसी ॲडॉप्टर मिळतो, डॉक्टरांना आणि कंपनीला विचारून घ्या. आणि घरचा एसीचाच फ्रिज ठेवायचा असेल तर रात्री बंद राहून सकाळपर्यंत गार राहतो का ते थर्मामीटर ठेवून बघा, दूध-मासे नासवू नका.

बंद करायचं बटण मात्र पलंगापाशी हवं, नाहीतर थंडीत उठून इंजिनपाशी जायचा कोण! रिमोट पॅनल किंवा साधा रिमोट स्विच बहुतेक मोठ्या इन्व्हर्टरना लावता येतो.

काही इन्व्हर्टरमध्ये सर्च मोड नावाची सोय असते, लोड नसेल तर तो झोपतो आणि दर थोड्या सेकंदांनी डोळा उघडून बघतो कोणी वीज मागतंय का. वीज वाचते हे खरं, पण त्या प्रत्येक बघण्याला एक बारीक 'टिक' येते. सलग घूंची कानाला सवय होते, थांबून थांबून येणाऱ्या टिकची नाही, अर्धवट झोपेत माणूस पुढच्या टिकची वाट बघत पडतो. त्यात एलईडीचा छोटा दिवा किंवा चार्जर इतकी कमी वीज मागतात की याला कळतच नाही कोणी आहे, मग दिवा लुकलुकत राहतो. दिवसा तुम्ही कामाला गेल्यावर वापरायला ठीक, रात्री नको.

उघडून आतला बोल्ट आवळला तर?

गोल गाभा मधोमध एका लांब बोल्टने धरलेला असतो आणि तो सैल झाला तर खरोखरच खडखड होते, त्यामुळे मोह होतो. पण झाकण उघडलंत की वॉरंटी गेली, हे एक. दुसरं म्हणजे तो बोल्ट खाली डब्याच्या पत्र्याला टेकलेला असतो, वरचं टोकही चुकून पत्र्याला किंवा एखाद्या धातूच्या पट्टीला लागलं तर बोल्ट आणि पत्रा मिळून गाभ्याभोवती एक पुरा वेढा तयार होतो, शॉर्ट झालेला, आणि त्यात शेकडो अँपिअर फिरून ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. फार आवळला तर खालच्या तारांचं व्हार्निश चिरडतं. हे सर्व्हिसवाल्याने करायचं काम आहे.

त्याला बोलवायचं कधी? वर्षानुवर्षं एकसारखा असलेला आवाज एका दिवसात वाढला तर, घुमण्यात तडतड मिसळली तर, व्हार्निश जळल्याचा वास आला तर, किंवा आवाजाबरोबर दिवे लुकलुकायला लागले तर. वासाच्या बाबतीत वाट बघायची नाही, आधी बॅटरीचा आयसोलेटर फिरवायचा आणि मग फोन लावायचा. फोनवर त्याला मॉडेल नंबर, आवाज लोड असताना वाढतो की रिकामा असताना, आणि स्पेक्ट्रमचा एक स्क्रीनशॉट एवढं दिलंत तर बोटीवर येण्याआधीच त्याचं निम्मं निदान झालेलं असेल, आणि तासाच्या हिशोबाने पैसे घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते बरं पडतं.